चियांग माईतले निवांत दिवस : वाचकांचे प्रश्न

साठीच्या आसपास काम कमी करून वर्षातले काही महिने परदेशात राहायचं, असा विचार करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं आमच्याकडे आली आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी उत्तर थायलंडमधलं चियांग माई निवडलं आहे. कारणंही सारखीच : खर्च आवाक्यात, डोंगर जवळ, हिवाळा सुखद आणि मुंबईहून प्रवास फार लांबचा नाही. व्हिसाचे प्रश्न पुष्कळ होते. आम्ही मात्र सुरुवात दिवस कसा घालवायचा, ओळखी कशा करायच्या, यापासून केली आहे. कागदपत्रं महिन्याभरात हातात येतात, शेजार तयार व्हायला वर्ष लागतं.

प्रश्न : आम्ही दोघं, वय 62 आणि 59, पहिल्यांदा सहा महिने राहून बघणार आहोत. फिरण्याची ठिकाणं पंधरा दिवसांत संपतील. मग दिवसभर करायचं काय? (नाशिक)

पंधरा दिवसांत ठिकाणं संपणार, हा तुमचा अंदाज बरोबर आहे. म्हणून घर कुठे घेता यावर बरंच काही ठरतं. शहराबाहेर, हांग दोंग किंवा सान साईच्या बाजूला, तेवढ्याच भाड्यात मोठा बंगला मिळतो. पण तिथे दूध आणायलासुद्धा गाडी काढावी लागते, आणि फाटकाच्या आतल्या वसाहतीत संध्याकाळी रस्त्यावर माणूस दिसत नाही. पहिल्या खेपेला सांतितम किंवा चांग फुआक भागात घर बघा. दोन्ही जुन्या शहराच्या खंदकाच्या उत्तरेला आहेत, आणि थानिन बाजार त्याच परिसरात आहे. एका बेडरूमच्या साध्या सदनिकेचं भाडं तिथे साधारण 8,000 ते 15,000 बाहत धरा. दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं द्यावं लागतं. सही करण्याआधी विजेचा दर विचारून घ्या. सरकारी मीटरवर युनिटला साधारण चार-साडेचार बाहत पडतात, काही इमारतींचे मालक सात-आठ लावतात. एसी चालू झाला की हा फरक जाणवतो.

दिवसाची घडी तिथल्या हवेप्रमाणे बसवा. पहाटे सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, हे बाहेर पडण्याचे तास. साडेसहाला बाजारात गेलात तर भाजी ताजी मिळते आणि विक्रेत्यांना बोलायला सवडही असते. नऊनंतर गर्दीत तुम्ही फक्त एक गिऱ्हाईक असता. भाजी रोज एकाच बाईकडून घ्या, नारळाचं दूध एकाच गाड्यावरून काढून घ्या, फुलं एकाच ठिकाणाहून. दर घासाघीस करून पाच बाहत वाचवण्यापेक्षा रोजचं गिऱ्हाईक होणं जास्त उपयोगाचं आहे. महिन्याभरात ती माणसं तुमची वाट बघू लागतात, आणि दोन दिवस दिसला नाहीत तर चौकशी करतात.

सकाळच्या फेरफटक्याला जुन्या शहराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली नोंग बुआक हात बाग चांगली, विद्यापीठातला आंग काएव तलावही चांगला. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बागांमध्ये मोठ्याने संगीत लावून सामुदायिक एरोबिक्स चालतं. मागच्या रांगेत उभं राहिलं तर कुणी काही विचारत नाही. सहा वाजता राष्ट्रगीत लागतं, तेव्हा सगळे जागच्या जागी थांबतात, तुम्हीही थांबा. सकाळी आठलाही हेच होतं.

पुरुषांसाठी, आणि बायकांसाठीही, सगळ्यात सोपी ओळख पेतांकची. फ्रान्समधला हा लोखंडी गोळ्यांचा खेळ थायलंडमध्ये सध्याच्या राजांच्या आजी श्रीनगरिंद्र यांच्या प्रोत्साहनाने घरोघरी पोचला. लहान लाकडी गोळी फेकायची आणि आपला गोळा तिच्या जास्तीत जास्त जवळ टाकायचा. गुडघ्यांवर ताण येत नाही, भाषा फारशी लागत नाही आणि प्रत्येक फेकीनंतर बोलायला विषय मिळतो. बागेत, शाळेच्या मैदानात किंवा देवळाच्या आवारात मुरूम टाकलेला पट्टा आणि वाकलेली चार-पाच ज्येष्ठ माणसं दिसली की तिथे दोन-तीन दिवस नुसतं उभं राहून बघा. चौथ्या दिवशी तेच गोळा हातात देतील. स्वतःचे गोळे विकत घ्यायची घाई करू नका.

आठवड्यातून एक दिवस मोकळा ठेवा. शुक्रवारी सकाळी बान हो मशिदीजवळ युन्नानी, म्हणजे मूळच्या चीनच्या युन्नान प्रांतातल्या, मुसलमानांचा बाजार भरतो, रविवारी संध्याकाळी थाफे दरवाजापासून राचदामनोएन रस्त्यावर पायी फिरायचा बाजार असतो. रविवारचा बाजार पर्यटकांनी भरलेला असतो, शुक्रवारचा खरोखर स्वयंपाकघरातल्या माणसांचा आहे.

प्रश्न : थाई भाषा सूरांची आहे म्हणे. या वयात जमेल का? इंग्रजीवर भागणार नाही? (पुणे)

दुकानात, दवाखान्यात, बँकेत इंग्रजीवर भागतं. शेजारच्या आजींशी भागत नाही, आणि तुम्हाला जे हवं आहे ते त्या आजींपाशीच आहे.

मराठी माणसाला दोन गोष्टी सोप्या जातात. पहिली, शब्द. फासा म्हणजे भाषा, वेला म्हणजे वेळ, आहान म्हणजे आहार, नाखोन म्हणजे नगर, सुक आणि थुक म्हणजे सुख आणि दुःख, आकात म्हणजे हवामान, मूळ शब्द आकाश. बँकेला थनाखान म्हणतात, त्यात आपला धन शब्द आहे. विद्यापीठाला महाविथयालय. दुसरी, लिपी. थाई अक्षरमाला आपल्यासारखीच क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग अशी लावलेली आहे, कारण दोन्हींचं मूळ ब्राह्मी लिपीत आहे. 44 व्यंजनं बघून घाबरू नका. उच्चार त्याहून पुष्कळ कमी आहेत. आपण जिथे ट-वर्ग आणि त-वर्ग वेगळे म्हणतो, तिथे थाई माणूस एकच उच्चार करतो, लेखनात मात्र दोन्ही टिकवून ठेवतो.

अवघड आहेत ते पाच सूर. नेहमी होणारी गफलत अशी : ‘क्लाय’ सपाट सुरात म्हटलं तर लांब, आणि वरून खाली घसरत म्हटलं तर जवळ. रस्ता विचारताना याने खरोखर घोटाळा होतो. म्हणून शब्द वहीत देवनागरीत लिहून पाठ करू नका. देवनागरीत सूर उतरत नाही आणि चूक पक्की होते. पहिल्या महिन्यात ऐकून म्हणा, दुसऱ्या महिन्यापासून थाई अक्षरं शिका. अक्षराचा वर्ग, स्वराची लांबी आणि वरची खूण यांवरून सूर ठरतो, त्यामुळे वाचता आलं की सूर आपोआप सुधारतो. रोज अर्धा तास आणि आठवड्याला दोन शिकवण्या पुरतात. शिकवणी समोरासमोरची घ्या.

वाक्याच्या शेवटी पुरुषाने ‘ख्राप’ आणि बाईने ‘खा’ लावायचं. चियांग माईच्या जुन्या बायका ‘खा’ऐवजी ‘जाओ’ म्हणतात, ती उत्तरेची बोली. तुम्ही ‘सवातदी जाओ’ म्हणालात तर भाजीवालीचा चेहरा लगेच खुलतो. आकडे एक ते शंभर, भाज्यांची वीस नावं आणि नाती, एवढं पहिल्या महिन्याचं पुरेसं काम आहे.

नाती लावून हाक मारण्याची पद्धत आपल्यासारखीच आहे. थोड्या मोठ्या माणसाला ‘पी’, लहानाला ‘नोंग’. साठीच्या माणसाला ‘लुंग’, म्हणजे काका, आणि बाईला ‘पा’, म्हणजे मावशी-आत्या. तुम्हालाही याच हाका येतील.

प्रश्न : शेजाऱ्यांनी बोलावलं तर काय न्यायचं, काय पाळायचं? चुकून अपमान व्हायला नको. (ठाणे)

थाई माणसाच्या वागण्यात ‘क्रेंग चाय’ नावाची गोष्ट आहे. मराठीत तिला सगळ्यात जवळचा शब्द ‘भीड’. समोरच्याला त्रास नको म्हणून तो नाही म्हणत नाही. त्यामुळे ‘उद्या याल का?’ असं विचारलं की हो म्हणेल आणि येणार नाही. त्यावरून रागावू नका. ‘उद्या सोयीचं आहे की पुढच्या आठवड्यात?’ असं विचारलं तर त्याला मोकळं उत्तर देता येतं. हे तुमच्या बाजूनेही चालतं. रात्री नऊनंतर फोन न करणं, गाडी त्यांच्या दारासमोर न लावणं हे न सांगता पाळायचं असतं.

जेवायला जाताना फळं न्या. ती एकाच जातीची आणि चांगली निवडलेली असावीत, हंगामात लोंगान किंवा संत्री. दिलेली भेट तुमच्यासमोर उघडणार नाहीत, तो मान आहे. बाहेर जेवायला गेलात तर बोलावणारा किंवा वयाने मोठा असलेला बिल देतो. निम्मं-निम्मं करायचा आग्रह करू नका, पुढच्या वेळी तुम्ही बोलवा. चप्पल दाराबाहेर, पाय कुणाकडे किंवा मूर्तीकडे नाही, लहान मुलाच्याही डोक्याला हात नाही. आपण लाडाने डोक्यावरून हात फिरवतो, तो तिथे आवरायचा. वाय, म्हणजे हात जोडणं, लहानाने आधी करायचं असतं. दुकानातल्या पोराला तुम्ही आधी हात जोडलेत तर तो अवघडतो, मान हलवून हसणं पुरेसं आहे.

आता थोडं थांबून सांगण्याची गोष्ट. शेजारात खरी जागा मिळते ती अंत्यविधीला गेल्याने. घरी किंवा देवळात तीन, पाच किंवा सात रात्री भिक्खूंचं पठण चालतं. गल्लीतल्या कुणाचं झालं तर एका संध्याकाळी जा. काळे किंवा पांढरे कपडे घाला, लाल नको. पाकिटावर नाव लिहून 200 ते 500 बाहत द्या, तसबिरीसमोर एक उदबत्ती लावा, पठण होईपर्यंत बसा आणि देतील ते खाऊन या. बोलता आलं नाही तरी चालतं. परदेशी माणसं लग्नाला हौसेने जातात, इथे फिरकत नाहीत, म्हणून तुमचं येणं लोक लक्षात ठेवतात.

सण तर आपल्याच पंचांगातले वाटावेत. अधिक महिन्याचं वर्ष सोडलं तर लोय क्राथोंग आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येतो आणि तिथेही पाण्यात दिवे सोडतात. भिक्खूंचा वर्षावास आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि कोजागरीला संपतो. महिन्यात चार ‘वान फ्रा’, शुद्ध-वद्य अष्टमी, पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास. त्या दिवशी सकाळी जवळच्या देवळात जा, गर्दी गल्लीतल्याच माणसांची असते.

क्राथोंग, म्हणजे पाण्यात सोडायचा हा दिवा, घरी करायचं असेल तर केळीच्या खांबाची तीन-चार सेंटिमीटर जाडीची, वीतभर रुंद चकती कापा. त्याहून पातळ केली तर फुलांच्या वजनाने कलंडते. केळीच्या पानाच्या पट्ट्यांचे त्रिकोण दुमडून कडेने टोचा. टाचण्यांऐवजी बांबूच्या काड्या वापरा, नाहीतर लोखंड नदीत जातं. मधे झेंडू, तीन उदबत्त्या, एक मेणबत्ती. थर्माकोलच्या पायावरचं विकत घेऊ नका. आकाशकंदील ठरवून दिलेल्या जागा आणि वेळेबाहेर सोडायला मनाई आहे, आणि विमानतळ शहरालगतच असल्याने हे गांभीर्याने बघतात.

सकाळी भिक्खूंना अन्न द्यायचं असेल तर सहा ते सात या वेळात बाजाराबाहेर उभं राहा. चिकट भात, एखादी भाजी, फळ आणि पाण्याची बाटली, अशी तयार पिशवी तिथे मिळते. चपला काढायच्या, न बोलता पात्रात ठेवायचं, आशीर्वाद होईपर्यंत हात जोडून खाली बसायचं. बायकांचा हात भिक्खूला लागता कामा नये. दुपारी बारानंतर ते जेवत नाहीत, तेव्हा संध्याकाळी खाण्याचं काही नेऊ नका.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. अंडंही नाही. उपाशी राहू का? (कोल्हापूर)

नाही, पण शब्द नेमका वापरा. ‘मांगसाविरात’ म्हणजे मांस नसलेलं, त्यात अंडं आणि कधी माशांचा सॉस चालवून घेतात. ‘जे’ म्हणजे पूर्ण शाकाहारी : मांस, मासे, अंडं, दूध नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसलं की ते जे खाणावळीचं दुकान. साध्या गाड्यावर खायचं तर ‘मै साय नाम प्ला’, म्हणजे माशाचा सॉस नको, ‘मै साय कपि’, म्हणजे कोळंबीचं आंबवलेलं वाटण नको, आणि ‘मै साय खाय’, म्हणजे अंडं नको, ही तिन्ही वाक्यं वेगवेगळी सांगा. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर कालवांचा सॉस आणि डुकराच्या हाडांचा रस्सा येतोच, कारण बनवणाऱ्याच्या लेखी ते मांस नसतं. सोम ताम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी असते. थाई करीची वाटणंही बहुधा कपि घालूनच केलेली असतात, म्हणून ‘वाटण घालू नका’ म्हणण्यापेक्षा खाओ सोय, म्हणजे करीतल्या नूडल्स, ‘जे’च्या दुकानातच खा.

घरच्या स्वयंपाकाला फारसं अडत नाही. मुगाची पिवळी डाळ ‘थुआ थोंग’ नावाने प्रत्येक बाजारात मिळते. उत्तर थायलंडमध्ये उसाचा गूळ ‘नाम ओय’ म्हणून वड्यांमध्ये विकतात. पाम साखर त्याहून मऊ आणि वेगळ्या चवीची, पुरणाला नाम ओयच घ्या. चिंच, नारळ, केळीची पानं मुबलक. तूरडाळ, हिंग, गोडा मसाला भारतीय किराणा दुकानातून किंवा घरून.

मोदकांचं विचारणाऱ्यांसाठी : तीन तोंडांच्या हत्तीचं चिन्ह असलेली पिठाची पाकिटं सगळीकडे असतात. लाल अक्षरांचं ते साध्या तांदळाचं, हिरव्या अक्षरांचं चिकट तांदळाचं, निळं टॅपिओकाचं. हिरवं घेऊन उकड काढली तर ती चिकटून बसते आणि मोदक वाफेवर आडवे होतात. लाल पाकिटातलं पीठ एक वाटी आणि हिरव्यातलं एक चमचा घ्या, एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. हे पीठ ओलं दळून वाळवलेलं, फार बारीक असतं, त्यामुळे उकड कोरडी वाटेल. पाणी आधी वाढवू नका, मळताना ओल्या हाताने भरून काढा. शेजारी वाटायला मोदक फार चांगले. गणपती, त्यांचा फ्रा फिकनेत, तिथे घराघरांत आणि दुकानादुकानांत आहे, तेव्हा हे काय आणि का, ते समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न : मी पूर्ण निवृत्त नाही. पुण्यातल्या कंपनीला रोज दोन-तीन तास ऑनलाइन सल्ला देतो. निवृत्तीच्या व्हिसावर हे चालेल? (पिंपरी)

निवृत्तीच्या मुक्कामावर काम करायला परवानगी नाही. म्हणून तुमच्यासाठी 2024 मध्ये सुरू झालेला डीटीव्ही, म्हणजे परदेशातल्या मालकासाठी दूरस्थ काम करणाऱ्यांचा व्हिसा, जास्त योग्य. तो पाच वर्षांचा असतो, एका प्रवेशावर 180 दिवस राहता येतं आणि 5 लाख बाहतइतकी शिल्लक दाखवावी लागते. थाई कंपनीचं काम मात्र त्यावरही करता येत नाही.

पूर्ण निवृत्तांसाठी वय 50 पूर्ण हवं. वर्षभराची मुदतवाढ मागताना थाई बँकेत अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर 8 लाख बाहत असावे लागतात : अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने पूर्ण रक्कम, पुढे 4 लाखांच्या खाली कधीच नाही. इथे चूक होते ती अशी : चौथ्या महिन्यात माणूस पैसे काढतो, शिल्लक एकदाच 3 लाख 90 हजार होते आणि पुढच्या वर्षीचा अर्ज अडतो. दुसरा मार्ग दरमहा 65,000 बाहत बाहेरून आणण्याचा. मुदतवाढीचं शुल्क 1,900 बाहत. दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा, मुदतीच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत. घरमालकाने तुमची नोंद 24 तासांत करायची असते. ती पावती भाडेकराराबरोबरच मागून घ्या, नंतर मालक टाळतात. देशाबाहेर जाण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना काढा, एका वेळचा 1,000 आणि अनेक वेळांचा 3,800 बाहत. तो न काढता विमानात बसलात तर मुदतवाढ तिथेच संपते.

वेळेचा हिशेब तुमच्या बाजूने आहे. थायलंड भारताच्या दीड तास पुढे. पुण्यात दहा वाजता तिथे साडेअकरा झालेले असतात. म्हणजे पूर्ण सकाळ बाजार-बागेला मिळते आणि उन्हाचे तास कामात जातात. पुण्याच्या संध्याकाळच्या बैठका मात्र सुरुवातीलाच नाकारा. साडेसहाची बैठक तिथे आठला सुरू होते आणि शेजाऱ्यांबरोबरची जेवणं त्यातच जातात.

आणि एक. शाळेत इंग्रजी शिकवणं, संस्थेत हिशेब बघणं हे फुकट केलं तरी कायद्याच्या नजरेत काम ठरू शकतं आणि परवाना लागतो. मदत करायची हौस असेल तर देवळाच्या झाडलोटीपासून आणि सणाच्या स्वयंपाकापासून सुरुवात करा. संस्थेत नेमाने जायचं असेल तर परवान्याचं आधी तिलाच विचारा.

प्रश्न : फेब्रुवारीत जावं म्हणतोय, तिकीट स्वस्त आहे. (छत्रपती संभाजीनगर)

जाऊ नका. फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत शेतं आणि जंगलं जळतात, शहर डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात आहे, आणि धूर वर न जाता तिथेच साचतो. पीएम 2.5, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, थायलंडची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 37.5 मायक्रोग्रॅम आहे. मार्चमध्ये शंभराच्या वरचे दिवस येतात. दमा, हृदयविकार असलेल्यांनी या काळात तिथे राहूच नये.

राहावंच लागलं तर शुद्धीकरण यंत्राचं गणित असं : 12 बाय 14 फुटांची, 9 फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे 43 घनमीटर. हवा तासाला पाच वेळा बदलायला हवी, म्हणजे ताशी 215 घनमीटर. यंत्र 300 चं घ्या, कारण रात्री आवाज नको म्हणून ते कमी वेगावर चालवलं जातं. सरकत्या खिडक्यांच्या फटींना फोमची पट्टी लावा, नाहीतर यंत्र बाहेरची हवाच गाळत बसतं. एसीने धूर कमी होत नाही. बाहेर एन-95, कापडी मास्क नाही.

आमचं मत : जूनच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत तिथे, आणि धुराच्या महिन्यांत घरी. आंबाही चुकत नाही. पहिल्या खेपेला सहा महिने असतील तर ऑगस्ट ते जानेवारी घ्या, म्हणजे पाऊस आणि थंडी दोन्ही कळतील. फक्त सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण, 13 ते 15 एप्रिल, यात हुकतो. फुप्फुसं धडधाकट असतील तर तेवढे चार दिवस जाऊन या आणि रस्त्यावरच्या पाण्याच्या खेळापेक्षा घरातला विधी बघा. वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घेतात. चियांग माईत त्या पाण्यात ‘सोम पोय’च्या भाजलेल्या शेंगा टाकतात. ती आपली शिकेकाई.

प्रश्न : यांचं सगळं ठरलं आहे. मला भीती वाटते की मी तिथे एकटी पडेन. आणि यांना काही झालं तर? (डोंबिवली)

ही भीती रास्त आहे आणि दोन्ही भागांना वेगळी उत्तरं आहेत.

एकटेपणाचं कारण बहुतेक वेळा एकच असतं : सगळे व्यवहार एक जण करतो आणि दुसरा त्याच्या मागे चालतो. पहिल्याच आठवड्यात कामं वाटून घ्या. बाजार, भाषेची शिकवणी आणि शेजाऱ्यांच्या लाइन गटातलं बोलणं तुमच्याकडे ठेवा. तिथे निरोप लाइन या ॲपवरच चालतात. शिकवणीला दोघांनी वेगवेगळ्या वेळी जा, एकत्र गेलात की आपसात मराठीत बोलणं होतं. लाल सोंगथाओत, म्हणजे तिथल्या सामायिक टॅक्सीत, एकटीने बसून जा-ये करायची सवय लावा, चालकाला जागेचं नाव आणि पैसे आधी विचारून. स्कूटर चालवणार असाल तर दुचाकीचा परवाना खरोखर हवा. तो नसताना अपघात झाला तर विमा कंपनी खर्च नाकारते.

दुसरा भाग. तुम्ही पतीच्या निवृत्तीच्या मुक्कामावर अवलंबित म्हणून राहत असाल तर त्यांच्या पश्चात तुमचा मुक्कामाचा आधार संपतो, आणि त्यांच्या नावावरचे 8 लाख बाहत न्यायालयीन प्रक्रियेशिवाय हाती येत नाहीत. म्हणून तीन गोष्टी आधी करा : तुमचं वय 50 च्या वर असेल तर शक्य झाल्यास स्वतःच्या नावावर वेगळी रक्कम ठेवून वेगळा अर्ज, तुमच्या एकटीच्या थाई खात्यात किमान तीन महिन्यांचा खर्च, आणि थायलंडमधल्या मालमत्तेपुरतं वेगळं थाई मृत्युपत्र. आरोग्य विमा सत्तरीच्या आत घ्या, नंतर नव्याने मिळणं फार अवघड. रुग्णवाहिकेचा क्रमांक 1669. तो, घराचा थाई भाषेतला पत्ता आणि दोघांची औषधं एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. चियांग माईत भारताचं वाणिज्य दूतावास आहे, पोचल्यावर तिथे नोंद करा.

प्रश्न : मॉरिशसला मराठी माणसं आहेत. मग तिथेच का नको? (रत्नागिरी)

जरूर विचार करा. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, शाळेत मराठी शिकवतात आणि पन्नाशीनंतर निवृत्तांसाठी दहा वर्षांचा परवाना आहे. पण तिथल्या मराठी घरांत रोजची भाषा क्रिओल आहे, मराठी जपलेली आहे ती सण, भजन आणि शाळेतून. ‘जाऊ तिथे गप्पा सुरू’ अशी अपेक्षा ठेवू नका. क्रिओल शिकायची तयारी असेल तर तिथला शेजार लवकर जमेल, थाईपेक्षा ती पुष्कळ सोपी आहे. उन्हाळ्यात, नोव्हेंबर ते एप्रिल, चक्रीवादळांचा काळ असतो. पहिली खेप मे ते ऑक्टोबर करा.

प्रश्न : पेन्शन आणि पैसे पाठवण्याचं थोडक्यात सांगा. (सातारा)

हयातीचा दाखला नोव्हेंबरात, ऐंशीच्या वरच्यांना ऑक्टोबरपासून. जीवन प्रमाणची चेहरा ओळखण्याची सोय फोनवर आहे. आधार आणि पेन्शन खात्यातलं नाव जुळत नसेल तर ती अडते, तेव्हा निघण्यापूर्वी एकदा करून बघा. भारतातून पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात 10 लाखांवरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केलेला कर, कापते. तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना वजा मिळतो. 8 लाख बाहत म्हणजे 20 ते 24 लाख रुपये होतात, म्हणून निम्मे मार्चमध्ये आणि निम्मे एप्रिलमध्ये पाठवले तर कपात कमी होते किंवा टळते. थायलंडमध्ये एका कॅलेंडर वर्षात 180 दिवस किंवा जास्त राहिलात तर तिथले करनिवासी होता, आणि 2024 पासून मिळवलेलं परदेशी उत्पन्न तिथे आणलं तर ते करपात्र ठरतं. जुनी बचत आणि चालू उत्पन्न वेगळ्या खात्यांत ठेवा.

प्रश्न : सामानात काय न्यावं? (जळगाव)

वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट. दोन गोल पिनांची उपकरणं चालतात, मोठी तीन पिनांची नाहीत. झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ डायझेपाम, ट्रमाडॉल, तिथे नियंत्रित आहेत. डॉक्टरची इंग्रजीतली चिठ्ठी आणि तीस दिवसांपुरताच साठा ठेवा. कढीपत्त्याचं रोप किंवा भाज्यांचं बी नेऊ नका, विमानतळावर अडवतात. ई-सिगारेटला बंदी आहे. हिंग घट्ट झाकणाच्या डबीत, पुरणयंत्र, एक लहान कुकर, आणि त्याच्या दोन जादा रिंगा, कारण आपल्या मापाची रिंग तिथल्या साध्या दुकानात मिळणार नाही.